उरलेला वायसर

दापोलीचा मन्सूर म्हणाला, सोमवारी आणा.
सोमवारपर्यंत दिवाळीची गिऱ्हाईकं येऊन जाणार,
कर्द्याच्या वाळूत दुसऱ्यांच्या गाड्या फिरणार
आणि आमची चारचाकी फटफटी मेपासून ताडपत्रीखाली.
कुत्रीनं तिच्याखाली पिल्लं घातलेली.

हरेशचा उजवा हात प्लास्टरात.
नवरात्रात जेटीच्या शेवाळावरून पाय सटकला.
तेव्हा तो पडवीत खुर्चीवर बसून तोंडानं गाडी खोलतो
आणि हातानं मी.

“कॉक बंद कर आधी.”
केला.
“गॅस बंद आहे ना आत?”
आहे.
“क्लिप ढिली कर. ओढ. ओढ की गं, फाटायला लुगडं आहे काय ते?”

कार्बोरेटर तळहातावर आला.
एवढासा. मोठ्या बांगड्याएवढाही नाही.

इथून पुढं त्यानं सांगायची गरज नव्हती,
म्हणजे तो सांगत होता, मी ऐकत नव्हते.
वीस वर्षं हर्णैच्या बाजारात मासळी कापली आहे.
पोट कुठं असतं ते हाताला कळतं.
वाटीचे चार स्क्रू. तीन सुटले.
चौथ्याला रॉकेल पाजलं, चहा पिऊन आले,
तोवर त्याचा राग गेला होता.

आत काकवी.
मे महिन्यातलं पेट्रोल, चिकट, तांबूस, आंबूस,
तळाला वाळूचे दोन कण
आणि कडेनं पांढरा खार, सुक्या बोंबलावर येतो तसा.

फ्लोट म्हणजे गाबोळी,
जोडीनं असते, हलकी; फुटू न देता काढली.
हवेचा स्पंज म्हणजे कल्ले. धुतले, काळं पाणी निघालं.
पितळेचे जेट म्हणजे काटे.
मोठा आधी निघाला.
छोटा आत, घशापाशी,
जिथं माणसाचंही अडकतं.

“हाच,” हरेश म्हणाला. “पायलट. हाच चोंदलाय.
तार घालू नको. भोक मोठं झालं
की गाडी पेट्रोल पिते, दारुड्यासारखी.”
बोलला आणि गप्प झाला.
सहा वर्षं झाली त्याला सोडून.
मीही काही बोलले नाही, जेट पुसत राहिले.

तार नाही. झाडूचा हीर जाडा.
मग जाळ्यातला नायलॉन, सगळ्यात बारीक, मांदेलीच्या जाळ्याचा.
होडीबरोबर ते जाळं विकायचं राहिलं होतं,
घेणाऱ्यानंही मागितलं नव्हतं.
दोरा ओवला. खाली, वर. पेट्रोलात बुडवून पुन्हा.
वेदूनं सायकलच्या पंपानं हवा मारली
आणि दुसऱ्या पिचकारीला माझ्या तोंडावर पेट्रोल उडवलं.

डोळ्याला लावून उन्हाकडे धरला.
एक टिंब. राईलाही डोळा असता तर तेवढं.
त्यात उजेड.
समुद्र दिसला असं सांगितलं असतं,
पण दिसली धाकू तांडेलाची वाळत घातलेली लुंगी.
तेवढी पुरे.

सगळं उलट क्रमानं परत. हवेचा स्क्रू दीड आटा बाहेर.
स्टार्टर दाबला. नाही. नाही.
खोकली. नाही.
“कॉक,” हरेश म्हणाला, आभाळाकडे बघत.
कॉक उघडला.
मग ती जी उठली,
कुत्रीनं एकेक पिल्लू तोंडात धरून
फणसाखाली बिऱ्हाड हलवलं.

तीन वर्षं तिच्यावर परक्या बायका बसवल्या,
हेल्मेटचे पट्टे मी लावले, फोटो मी काढले.
“तपासून येते,” म्हटलं.
चपला घातल्याच नाहीत.
ओहोटी होती, वाळू घट्ट.
टोकाच्या खडकांपर्यंत गेले.
तपासायला एवढं लांब जावं लागत नाही,
त्याला ठाऊक, मलाही.

आले तेव्हा परातीत एक वायसर उरलेला.
हरेशनं डाव्या हाताच्या बोटावर चढवून विचारलं, “हा कुठला?”
मी म्हटलं, काटा असेल एखादा. लागत नाही तो.
मग धुतला, पुसला,
मिसळणाच्या डब्यात मेथीदाण्यांत टाकला.
लागला तर तिथं आहे.