वीस पानं

शाळेत मला वाटायचं
माशी म्हणजे माशाची बायको.
गुरुजींनी पट्टी हाणली, वर्ग हसला.
पुढं पन्नास वर्षं मी त्याच दोघांची
सोयरीक जमवत बसलो.

दुकान आमचं गुजरीत, बोळाच्या तोंडाला.
सोनार घडवायचे, आम्ही पटवेगार ओवायचो.
पायाच्या अंगठ्याला रेशमाचा पेड अडकवून
साजाची पानं गाठीगाठीत बसवायची :
चंद्र, कमळ, बेलपान, कारलं, कासव, मासा...
एकवीस.
गाठ दिसली की गिऱ्हाईक गेलं,
वडील म्हणायचे.

मेनेझिस ओव्हरसिअर धरणावरनं आले
बांबूची दांडी घेऊन. तिच्यावरचं रेशीम उसवलेलं.
मी वेढे घालत होतो तोवर
त्यांनी तपकिरीची डबी उघडली.
आत माशा. कोंबड्याच्या पिसाच्या,
पोटाला जरीची तार, शेपटीला दोन केस
आणि बुडाशी लपलेला आकडा.
"एक उसवून बघू?"
साहेब जरा घाबरले. मग म्हणाले, बघ.
अठ्ठावीस वेढे निघाले,
आणि शेवटची गाठ
आमच्याच घरातली.

तेव्हापासनं हौसाच्या कोंबड्याला सुख नाही.
गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
गवळ्याचं ध्यान चरवीत, तोवर
म्हशीच्या कानातले चार केस माझ्या खिशात.
दिवसा साज, रात्री माशा.
अंगठा तोच, मेण तेच.

रविवारी पहिली एस्टी, राशिवड्याच्या खाली भोगावती.
मागं फेकलेली दोरी हवेत पुरती सरळ व्हायला
एक श्वास थांबावं लागतं.
तो एक श्वास शिकायला
मला सहा वर्षं लागली.

एकदा खडस आला. घागरीएवढा, तांब्याच्याच रंगाचा.
माशीच्या खाली उभा राहिला,
तिला बघितलं, मला बघितलं,
आणि आल्या वाटेनं खाली गेला.
कुठं माशी शिंकली, अजून कळलं नाही.
जे लागले ते सोडले.
काठावरची पोरं म्हणायची,
"धरून सोडतायसा? मग काय दर्शनाला आलतासा?"
काय सांगणार? व्हय म्हणायचो.

आता एक सांगतो.
चौऱ्याहत्तर साली मेनेझिस गोव्याला निघाले,
जाताना चरखी विकायची होती.
पैसे नव्हते.
हौसाचा साज दोरा बदलायला माझ्याच पुढ्यात पडलेला.
मी वीस पानं ओवली.
मधली मोकळी जागा गाठींत अशी जिरवली
की बापालाही सापडली नसती.
जन्मात इतकं सफाईचं काम
परत हातून झालं नाही.

ती ल्यायली. लग्नांत, बारशांत, अंबाबाईला जाताना.
मी लांबनं मोजायचो.
वीस.

परवा आकड्याच्या नेढ्यात दोरा जाईना,
हात असे, कढत चहा धरल्यासारखे.
ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"आयुष्यभर सगळं मासं सोडून आलासा,
माझा तेवढा धरून नेलासा."

पंख्याचा आवाज.
देठ मोडल्याचा आवाज.

"कधीपासनं ठाऊक?"
"पटवेगाराची बायको हाय मी. एकवीस येत्यात मोजाय."

मग पदराला हात पुसून जवळ आली.
माझ्या हातातला आकडा घेतला,
दोरा जिभेवर ओला केला,
आणि एका दमात ओवून दिला.
मोतीबिंदू काढल्यापासनं तिला
मुंगीचे पायसुद्धा दिसतात.

"पिसं कुठली लावणार?" तिनं विचारलं.

मी परसाकडं बघितलं.
कोंबडा आधीच
पत्र्यावर चढून बसला होता.