वजनकाटा

रात्री सव्वादोनला रेक लागतो.
अठ्ठावन्न वाघिणी काट्यावरून रांगत जातात
आणि मी, धनराज फिरके, काट्यावरचा कारकून,
भरलेल्यांचं वजन लिहितो. मग रिकाम्यांचं.
मधली वजाबाकी म्हणजे कोळसा.
चुकली तर मेमो.

राखेचंही वजन होतं.
सिमेंटवाल्यांचे बल्कर येतात, वीटवाले येतात,
उरलेली पाण्यात कालवून तळ्याकडे.
अंदाजे का होईना, आकडा असतो.
शंभर टन आत, पस्तीस टन राख बाहेर.

'मग पासष्ट कुठे गेले, काका?'
प्रयोगशाळेतली नवी पोरगी, वृषाली तायडे, यावलची,
चहाचा ग्लास माझ्या रजिस्टरवर ठेवून.
मी म्हटलं, जळाले.
'जळाले म्हणजे संपले का?'
आणि मागच्या कोऱ्या पानावर मांडूनच दाखवलं तिनं:
धुराड्यातून जातं ते पासष्ट नाही,
आणलेल्या शंभराहूनही जास्त,
कारण वर जाणारा एकेक कण
हवेतला प्राणवायू कडेवर घेऊन जातो.
दीडशेच्या घरात, काका.

दीडशे.
वीस वर्षांत हा रकाना कुणी आखून दिला नव्हता.

कँटीनच्या टीव्हीवर टायवाला माणूस
वाढीचे दर वाचतो. चीन, व्हिएतनाम, आपण.
सगळे बाण वरच.
खिडकीतून धुराडं दिसतं, तेही वरच.

मी धुराड्याला शिव्या देणार नाही.
फैजपूरला आमची आई दळणाचा डबा घेऊन
गिरणीच्या ओट्यावर बसून राहायची,
लाईट येईल, आता येईल,
आणि आम्ही भिजवलेले पोहे खाऊन झोपायचो.
आज त्याच गल्लीत मेहुण्याची शीतखोली आहे.
तेरा अंशांत केळी झोपलेली, आखातात जायला निघालेली.
तास दोन तास करंट गेला
की मेहुणा मलाच फोन लावतो,
जसा काही मी फुंकणीनं वीज पेटवतो.

दुसरा फोन साक्रीचा. मामेभावाच्या माळावर पवनचक्क्या.
श्रावणात म्हणतो, 'वारा लई आहे भो, तू झोप.'
दिवाळीच्या आधी पाती थांबतात तेव्हा
आवाज खाली आणून म्हणतो,
'काढ भो तुझा कोळसा.'

परवा पेन्सिलीनं रकाना आखला.
ऑडिटवाल्यानं बोट ठेवलं: हे काय?
सांगितलं, वर गेलेलं.
तो म्हणाला, पावती आहे का?
नाही.
मग खोडा.

खोडलं.
घरी आलो, अंगण झाडून झालेलं होतं,
दोरीवरच्या सदऱ्यावर पुन्हा बारीक करडी साय.
बायकोनं न बोलता झटकला. मी घातला.

सव्वादोन.
काट्यावर एकोणचाळीसावी, भरलेली.
वृषाली दारात उभी, हातात नमुन्याची पिशवी.
'लिहिलं का काका?'
कोळसा लिहिला, म्हटलं.
ती थांबूनच.
चाळीसावी येतेय.