टाक उजळताना

मधल्या मारुतीजवळ, दुपारचे साडेतीन,
गिऱ्हाईक एकच.
सुलाबाई कोळेकरनी पदराची गाठ सोडली:
लाल चिंधीत पाच टाक.
"उजळून दे. घट बसायला चार दिस राह्यलेत."

चार नेहमीचे. घोड्यावरचा देव, देवी, नाग,
आणि एक मूळपुरुष, नुसता उंचवटा उरलेला.
पाचवा गोल.

रिठ्याच्या पाण्यात ब्रश फिरवत गेलो,
हळद सुटत गेली,
पिवळी, मग तपकिरी, मग जवळजवळ काळी.
तिच्याखालून एक नाक वर आलं.
ताठ. डोक्याला पट्टा, मानेवर केस,
कडेनं ग्रीक वळणाची अर्धीमुर्धी अक्षरं,
आणि गालफडावर दाणकन ठोकलेला
तीन कमानींचा डोंगर.

मी सराफाकडचा नोकर.
पण मोडीत आलेलं नाणं
वितळवण्याआधी बघायची खोड आहे.
ओळखला. क्षहरात.
यांचे पूर्वज शकस्थानाकडून, इराणच्या वाळूतून आले,
भरुकच्छाच्या बंदरात जकात मोजू लागले,
घाट चढून लेण्यांत दानं कोरून गेले.
मग सातवाहनांनी हरवलं.
नाणी वितळवलीसुद्धा नाहीत,
तोंडं तशीच ठेवून वर आपला डोंगर मारला.
नाशिकच्या लेण्यात लिहिलंय,
क्षहरातांचा वंश निरवशेष केला.

निरवशेष.
काट्यावर ठेवला. दोन ग्रॅम, वर थोडं.

"मावशी, हा देव नाही. परमुलखातला राजा आहे."
"आजेसासऱ्याला घावला. सीनेकाठच्या पांढरीत
मेंढीनं खुरानं उकरला.
तवापास्नं बसलाय आमच्यात, निवद खातोय."
मग जरा वाकून बघितलं.
"राजा म्हंतोस. लई तरास दिला असंल की लोकास्नी?"
"दिला असेल."
"आता कुणाला देत न्हाई."

गालावर नख ठेवलं तिनं. "ह्ये कुणी मारलं?"
"ज्यानं जिंकलं त्यानं."
"आन् त्यो कुणाच्या देव्हाऱ्यात हाय?"

मी ब्रश झटकला.
आणखी घासला असता तर नाक गेलं असतं,
हनुवटीखाली थोडी हळद तशीच ठेवली.

पाचाचे दीडशे सांगितले.
तिनं एकशेवीस मोजले, चिंधी आवळली.
"त्येचं धरू नगं.
त्यो सवताच पैसा हाय."