हातचा

टोलीडोच्या कॉलेजात, खोली दोनशे चौदा,
मंगळवारी संध्याकाळी सहाला मी व्यवसायनीती शिकवते.
ओहायोत नोव्हेंबरातले सहा म्हणजे रात्रच.
मुलं कामावरून येतात, गोदामातून, वृद्धाश्रमातून,
अंगाला तळणाचा वास घेऊन,
आणि नीती त्यांच्या यादीत झोपेच्या बरीच खाली असते.

म्हणून मी पाहुणे बोलावते.
पहिला बँकेतला, निळ्या टायचा. त्याच्या पडद्यावर
सचोटी हा शब्द अकरा वेळा आला; डेव्हॉनने मोजला.
दुसऱ्या बाई जांभळ्या शाईची पेनं वाटून गेल्या.
पेनं चांगली चालतात.

आज वॉल्टर कुबियाक.
वय एकाहत्तर, लग्नकार्यात घालायचा कोट,
हातात कागद नाही.
खुर्ची ओढली, बसला, म्हणाला,
"मी ब्रेकच्या नळ्या तपासायचो. एकोणीस वर्षं.
दाब द्यायचा, काटा बघायचा, सही करायची.
एका मार्चमध्ये यंत्र बिघडलं. बघायला काटाच नव्हता.
मी नऊ दिवस सही करत राहिलो."

"कुणी सांगितलं तसं?" यारेलीने विचारलं.
"कुणीच नाही. साहेब नुसता दारात उभा राहायचा,
घड्याळ बघायचा,
आणि माझ्या मुलीच्या फीची चौकशी करायचा."

"मग, मेलं का कुणी?"
हा डेव्हॉन. सगळ्यांच्या मनात असतं ते त्याच्या तोंडात असतं.
वॉल्टर स्वतःच्या पंजांकडे बघत राहिला. हीटर वाजत होता.
"माहीत नाही," म्हणाला.
"दोन हजार एकशे चार नळ्या. तेव्हा मोजल्या नाहीत, नंतर मोजल्या.
कुठल्या गाड्यांत गेल्या, कोण जाणे.
अजून पुढे गाडी असली की
तिचे मागचे लाल दिवे लागेपर्यंत मी श्वास धरतो."

मला शेवट हवा होता.
त्याने कुठेतरी तक्रार केली, किंवा शिक्षा भोगली,
परीक्षेत पाच मार्कांना विचारता येईल असं काहीतरी.
कारखाना पुढे बंद पडला, भलत्याच कारणाने.
त्याला पेन्शन मिळते. मुलगी दातांची डॉक्टर आहे.

मिरजेच्या शाळेत बेडकिहाळबाई म्हणायच्या,
हातचा विसरलात तर उत्तर चुकतं,
पण दिसतं अगदी बरोबर.
हे मुलांना सांगावंसं वाटलं, जमलं नाही.
इथे हातचा वाहून नेतात.
आमच्याकडे तो हातातच राहतो.

तास संपल्यावर मानधनाचा फॉर्म.
पंचाहत्तर डॉलर, शिवाय मैलभत्ता.
मीच भरून ठेवला होता: साठ मैल.
गोल आकडा. म्हाताऱ्याला चार पैसे जास्त, कॉलेजचं काय जातंय.
त्याने चष्मा चढवला.
"जाऊन-येऊन सेहेचाळीस," म्हणाला,
साठवर रेघ मारली, बाजूला बारीक अक्षरात नाव लिहिलं,
आणि माझ्याकडे न बघता पेन परत दिलं.
माझ्याकडे न बघता. एवढं सौजन्य
निळ्या टायवाल्याला नसतं जमलं.

मुलं पाठीवर बॅगा चढवत होती. कुणी पाहिलं नसावं.

खाली पार्किंगच्या तोंडाशी त्याची गाडी थांबली,
लाल दिवे लागले,
आणि मला कळलं, मीही श्वास धरला होता.

मग खांबाच्या उजेडात हजेरीचा कागद उलगडला.
सह्या एकवीस.
वर्गात डोकी एकोणीस; मी मोजली होती.
शेवटच्या दोन सह्या जांभळ्या, एकाच वळणाच्या.
त्यातली एक ब्रियानाची, जी या वेळी
रुग्णालयात रात्रपाळीला चादरी बदलत असते.
अजून एक गैरहजेरी, आणि तिची शिष्यवृत्ती जाईल.
दुसरी कुणाची, ते नीट वाचता येत नाही.

वारा एरी सरोवराकडून, बोचरा.
एकवीसातून एकोणीस गेले.
हातात दोन.
गाडीची किल्ली पर्समध्ये तळाशी आहे,
काढायला हात मोकळा नाही.