चौदा नंबरची काच

आरोंद्याची पहिली तर सुटायच्या आधीच आम्ही धक्क्यावर.
राजदूतच्या टाकीवर मी, अण्णांच्या दोन हातांमध्ये,
डब्यात घावन, आणि जुन्या मोज्यात गुंडाळलेले
एकाच काचेचे दोन तुकडे.
चौदा नंबरची काच, वर्कशॉपच्या मुखवट्यातली.
रात्री हिरकणीने कापली, कडा घासल्या पॉलिशपेपरवर.
माझा तुकडा थोडा मोठा.

आई म्हणाली, लोक दारं लावून बसतात
आणि तुम्ही शंभर मैल जाऊन वर बघणार.
तरी घावनांवर तुळशीचं पान तिनेच ठेवलं.

तेरेखोल, शापोरा, जुवारी.
प्रत्येक खाडीपाशी उतरायचं, गाडी ढकलत तरीवर न्यायची,
पलीकडे पुन्हा किक.
काणकोणच्या पुढे रस्ते ओस,
पोळ्याला चहाचं दुकान बंद, कुत्रं तेवढं उघड्यावर.
काळी नदीचा तांडेल म्हणाला, ही शेवटची फेरी,
दोननंतर नदी देवाची.

कारवारच्या वाळूवर
हुबळीहून आलेली कॉलेजची पोरं, तिपाईवर दुर्बीण,
कमरेभर पाण्यात जप करत चार बायका.
अण्णांनी आपला तुकडा सगळ्यांना फिरवला,
एका पोलिसालाही.
मला मात्र बजावलं: काच काडू नको. डोळे जातले.
त्यांना ठाऊक होतं. आर्क लागला की रात्रभर
डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून कण्हायचे.

मग उजेड आजारी पडला.
सुरूंच्या सावल्यांना धार आली, कावळे घरी निघाले,
आणि बेटाच्या मागून, पाण्याला न शिवता,
काहीतरी चालून आलं.
काचेत काहीच उरलं नाही.
कुणीतरी कन्नडमध्ये ओरडलं, मला कळलं नाही.
मी काच काढली.

बाजूला अण्णा.
काच दोन्ही हातांनी डोळ्यांशी घट्ट,
मान वर, तोंड किंचित उघडं,
संबंध वेळ, चौदा नंबरच्या काळोखाकडे बघत.
मी हाक मारली नाही.
का, ते अजून सांगता येत नाही.
उजेड परतला तेव्हा माझी काच पुन्हा डोळ्यांवर होती.

परतताना तरीवर ते तांडेलाला सांगत होते:
काळोख! निसतो काळोख! बघूक होयो होतो तुवा!
इतके खूश मी त्यांना फार वेळा पाहिलेले नाही.

त्या साली रोज सकाळी ते मला ओटीवरून
भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायला लावत,
आधी उजवा डोळा झाकून, मग डावा.
मला वाटे, अभ्यास.

परवा सावंतवाडीला त्यांचा मोतीबिंदू काढला.
पट्टी एकावर, दुसराही मिटलेला.
कसं वाटतंय, मी विचारलं.
म्हणाले, कारवारसारख्या दिसता.
मग खूप वेळ नुसता पंखा.
मग:
थय तुका काय दिसला गो?

एवढी वर्षं जपलेले शब्द ऐन वेळी कामाचे नव्हते.
त्यांचेच घेतले.
अण्णा, आर्क मारला की ठिणगी उडते ना,
ती उडालीच नाही. तिथेच थांबली,
एका काळ्या वॉशरभोवती,
पांढरी, पिंजलेली,
आवाज नाही, धूर नाही,
आणि उघड्या डोळ्यांना खुपत नव्हती.

नाय खुपली?
नाही.

थोड्या वेळाने म्हणाले, वॉशर केवढो?
मी त्यांचा तळहात उघडला
आणि बोटाने काढून दाखवला.