शेवटचा स

लिएपायाच्या बंदरकचेरीत एकतीस वर्षं
मी परक्या खलाशांच्या नावांना शेपट्या जोडल्या.
आमच्या भाषेत पुरुषाच्या नावाला शेवटी स लागतो.
तो नसला तर विभक्ती चिकटत नाही,
मग त्याच्यासाठी, त्याच्यामुळे, त्याच्यात
काही म्हणता काही घडू शकत नाही.
ओमरचा केला ओमर्स, हेन्रिकचा हेन्रिक्स.
एका ग्रीकाच्या नावात स आधीच होता,
त्यालाही दुसरा दिला. नियम म्हणजे नियम.
आंद्रेअस्स. त्याने कागद उन्हात धरून पाहिला,
म्हणाला, बाई, हा शिलकीतला
जाताना इथेच जमा करायचा का?

निवृत्त झाले आणि कादंबरी लिहायला घेतली.

नायिका आधी मिर्दझा होती.
खालच्या मजल्यावरच्या मिर्दझाला कुठून कळलं कोण जाणे,
जिन्यात वाट अडवून म्हणाली,
"तिसऱ्या प्रकरणात मी नवऱ्याला सोडते म्हणे?"
नवरा मागेच उभा होता, हातात बटाट्यांची पिशवी.
मी नाव बदललं. झेल्मा.
वाटलं होतं कोट बदलावा तसं होईल, आत माणूस तोच.
पण झेल्मा सिगारेट ओढायला लागली,
सकाळी उठेना,
आणि नवऱ्याला सोडायचं राहिलं बाजूला,
तिने त्यालाच घराबाहेर काढलं.
सत्तर पानं फाडली मी.

दुष्ट माणसाचं नाव कबरस्तानातून आणलं.
शेवाळ खरवडून दोन दगड वाचले,
एकाचं पहिलं नाव, दुसऱ्याचं आडनाव,
म्हणजे कुणाचा पणतू भांडायला येऊ नये.
अजून कुणी आलेलं नाही.
तरी रात्री दार वाजलं की आधी खिडकीतून बघते.

उरला तो आयरिश खलाशी.
बर्फात जहाज अडकलं, हा तापाने फणफणलेला,
उतरवला तो राहिलाच.
आईने ठेवलेलं नाव डोनल.
माझ्या हाताने सवयीने लिहिलं डोनल्स.
दोनशे पानं तो डोनल्सच होता,
दवाखान्याच्या कार्डावर, भाड्याच्या पावतीवर,
मासळीच्या कारखान्यातल्या हजेरीपटात.
डोनल्स आला, डोनल्स जेवला नाही,
डोनल्स म्हणे रात्री खिडकीशी बसतो.
सगळे त्याच्याविषयी बोलत.
त्याच्याशी कुणी नाही.
हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं,
आणि लिहिणारी मीच.

मग मार्च आला. बर्फ फुटल्याचा आवाज कसा लिहावा
या विचारात होते, तेवढ्यात झेल्मा धक्क्यावर पळत आली,
केस ओले, एकाच पायात बूट.
तो जहाजाच्या शिडीवर अर्धा चढलेला, पाठमोरा.
मी तिला पाठवलं नव्हतं.
तिने हाक मारली.

आमच्या व्याकरणात एक बारीकशी सूट आहे,
छडी खाऊन पाठ केलेली:
संबोधनात तो स गळून पडतो.

डोनल!

त्याला वाटलं, घरूनच कुणी.
वळला.
मी पेन ठेवलं, चहा गार झालेला तोच प्याले.
एकतीस वर्षं जे जोडत आले
ते काढायला फक्त कुणीतरी हाक मारायची होती,
मोठ्याने, वाऱ्याच्या वर.
त्या ग्रीकाला मी कधी हाक मारली नाही.
पुढचा, एवढंच म्हणत असे.

आमच्या कॅलेंडरात रोजच्या तारखेला नावं असतात,
ज्याचं नाव त्याचा दिवस, पाहुणे न बोलावता येतात.
डोनल कुठेच नाही.
पण बावीस मे आहे,
कॅलेंडरात न मावलेल्या सगळ्या नावांचा.
त्या दिवशी केशर घालून क्लिंगेर भाजते
आणि दाराला कडी लावत नाही.

यंदा जिन्यात पावलं वाजली. मिर्दझा.
न विचारता बसली, मोठा तुकडा घेतला.
बराच वेळ चावत राहिली.
मग चुरा टिपत, माझ्याकडे न बघता म्हणाली,
"ती धक्क्यावर धावते ना,
एका बुटात...
आधी ती मीच होते ना गं?"