दोन्हीकडून सारखी

सीताबर्डीवरून आणली.
हातभर लांब, करंगळीएवढी जाड.
बिल फाडताना दुकानदाराने दोनदा विचारलं,
'गावात लागते का एवढी?'
म्हटलं, वडशाला लागते.

जुन्या पिनेची खोड अशी :
लावली की उलटी,
फिरवून लावली तरी उलटी,
तिसऱ्यांदा, काहीच न बदलता, बरोबर.
कुंदन म्हणायचा, ही आमच्या मामासारखी,
नाही नाही म्हणत जेवून जाते.
हिला पाठ-पोट नाही.
लाइन गेल्यावर अंधारात लावून पाहिली,
पहिल्याच झटक्यात बसली.
वीज, चित्र, आवाज, सगळं या एकीतूनच.
बाकीच्या वायरींचं भेंडोळं
सुतळीने बांधून पाटईवर टाकलं.

खोक्यावर लिहिलंय, सेकंदाला चाळीस गिगाबिट.
'म्हणजे किती जी?' कुंदन.
मला सांगता येईना.
मग मंडईच्या दुसऱ्या दिवशी पहाटे
आम्ही सिंदेवाहीकडून नाटक घेऊन परतलो,
तीन कॅमेरे, सहा तास,
अंगावर धानाच्या बांध्यांमधलं दव,
आणि कंपनीच्या गाडीतून सोबत
पेटीवाले हिरामण दोनाडकर,
त्यांना गावाची एसटी साडेआठला.

तिन्ही डिस्का लावल्या.
पूर्वी याला पावणेचार तास लागत.
पडद्यावर निळी पट्टी सरकायची
आणि काका बाकावर मांडी घालून सांगायचे :
कोणाचा मिशीचा गोंद सुटला,
पडदा कसा अर्ध्यात अडकला,
नवरगावला बाया-माणसं पहाटे पाचला
'एक पद अजून' म्हणत कशी अडून बसली.
डोळा पट्टीवर.
पंच्याण्णव टक्के झाले की
गोष्टीची लय वाढवत,
शंभरला गोष्ट संपलेली, एसटी चौकात.

आज चप्पल काढत होते,
एक काढली होती.

'झालं.'
'झालं?'
'चार मिनिटं.'
'तिसरा अंकही आला त्याच्यात?'
'तिसराही.'
त्यांनी डिस्क उचलली, तळहातावर जोखली,
कानाजवळ नेली.
काही ऐकू आलं नसावं.
घड्याळात पाच पंचवीस.
कुंदन स्टोव्हला पंप मारत होता,
चहाचं पाणीही अजून ठेवलं नव्हतं.

काका बाकावर बसले. मांडी घातली नाही.
कोणती गोष्ट चार मिनिटांत मावते
याचा हिशोब करत असावेत.
मग म्हणाले,
'दुसऱ्या अंकात शालूबाईच्या पदाले
माहा धैवत घसरला. कोटी आहे तो, दाखव बरं.'
मी माउस ओढला, दोन तास सतरा मिनिटं,
शालूबाई तोंड उघडून थांबलेल्या.
'असा नाही.'
'मग?'
'नांदीपासून लाव.
सूर काही तिथं चुकत नाही रे बाबू,
चुकी मागून चालत येते.'

लावली नांदी.
आता त्या दोरीला काही काम नव्हतं,
ती टेबलावर नुसती पडून होती,
कुठूनही उचलली तरी सरळ.
पडद्यावर सूत्रधार आपल्याच चालीने आला,
धाप लागेपर्यंत बोलला,
कोणी टाळ्या वाजवल्या, कोणाचं लेकरू रडलं,
रात्र जेवढी होती तेवढीच पुन्हा सुरू झाली.
चहा झाला. शटरखालून ऊन आलं.
एका गिऱ्हाइकाला आधारची झेरॉक्स हवी होती,
त्याने उभ्याउभ्या अख्खा प्रवेश पाहिला
आणि झेरॉक्स विसरून गेला.

दोन तास अकरा.
दोन तास चौदा.
शालूबाईंनी पदर सावरला.
काका पडद्याकडे पाहत नव्हते,
त्यांची बोटं टेबलाच्या काठावर होती,
चालत होती,
आणि एक बोट
पुढच्या पट्टीवर जाऊन
आधीच थांबलेलं.